लेन्स काढल्यावरही धुरकट दिसतं? नंबर तपासण्याआधी कॉर्निया तपासा

बडोद्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम कॉन्टॅक्ट लेन्सचं. दांडिया बाजारातून कोणी येवो की मांजलपूरहून, तक्रारीचं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, नंबर वाढलाय वाटतं." दसऱ्यानंतरच्या दिवसांत तर हे वाक्य रोज कानावर पडतं. नंबर खरोखर वाढलेला असतोही कधीकधी. पण रोज लेन्स घालणाऱ्याचा नंबर 'अचानक' वाढला असेल, तर मी आधी कॉर्निया सुजल्याचा संशय घेते. सुजलेल्या कॉर्नियावर काढलेला नंबर चुकीचा येतो, आणि त्यावरून केलेला चष्मा थोड्याच दिवसांत डोळ्यांना जुळेनासा होतो. पैसे जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

कॉर्निया म्हणजे बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा. लेन्स बसते ती त्याच्यावर.

लक्षणं

सकाळी लेन्स घातली तेव्हा स्वच्छ दिसत होतं, पण चार-पाच वाजल्यापासून दृष्टीवर पातळ पडदा आल्यासारखं वाटतं. तिन्हीसांजेला समोरून येणाऱ्या स्कूटरच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. एरवी लेन्स घातल्याचं विसरायला होतं, आता ती जाणवते. उजेड बोचतो. बुब्बुळाच्या कडेला, विशेषतः वरच्या पापणीखाली, लाली असते.

सगळ्यांत बोलकं लक्षण लेन्स काढल्यानंतरचं. चष्मा लावला तरी अर्धा तास, तास, कधी दोन तास अंधुकच दिसतं. दोष लेन्समध्ये असता तर ती काढताक्षणी दृष्टी स्वच्छ व्हायला हवी होती.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. कॉर्नियाच्या मधल्या जाड थरात सूज असेल तर बराच काळ काहीच जाणवत नाही. धुरकटपणा आणि कडी दिसू लागतात ती सूज वरच्या पातळ थरापर्यंत पोचल्यावर. म्हणून "मला तर छान दिसतं" हा डोळा निरोगी असल्याचा पुरावा होत नाही.

हे असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका

लेन्स काढूनही दुखणं थांबत नाही किंवा वाढतंय. एकच डोळा लालभडक झालाय. उजेडाकडे बघवत नाही. चिकट स्राव येतोय. बुब्बुळावर पांढरा ठिपका दिसतोय. नजर काही तासांत घसरलीय. यातलं एकही असेल तर हा जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्यात एक रात्रसुद्धा महाग पडते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नको आणि औषधाच्या दुकानातही नको. रात्रीची वेळ असेल तर सयाजी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. लेन्स आणि तिची डबी आतल्या द्रावणासकट, न धुता, बरोबर न्या. तपासणीत जंतू बऱ्याचदा तिथेच सापडतो. डोळ्यावर पट्टी बांधू नका. आणि घरात आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब असतील, तर ते चुकूनही घालू नका. त्यांत सहसा स्टेरॉइड असतं आणि संसर्ग त्याने आतल्या आत पसरतो.

दिव्याभोवती कडी दिसतात आणि जोडीला डोकं प्रचंड दुखतंय, उलटी होतेय, असं असेल तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. डोळ्यातला दाब एकदम चढला की लेन्स नसतानाही कॉर्निया सुजतो. केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असलेल्या माणसाचं बुब्बुळ एकाएकी दुधाळ झालं, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

हे काही नसेल तर पुढे वाचा.

सूज येते कशी

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक आहे. जागेपणी त्याला प्राणवायू मिळतो तो अश्रूंतून, थेट हवेतला. झोपेत तो पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांकडून मिळतो, पण हवेत २१ टक्के असणारा प्राणवायू मिटल्या पापणीखाली जेमतेम ८ टक्क्यांच्या आसपास उरतो. लेन्स अजिबात न घालणाऱ्याचा कॉर्नियाही रात्रीत ३ ते ४ टक्के फुगतो आणि डोळे उघडल्यावर तास-दोन तासांत उतरतो. इतकी सूज डोळा रोज सोसतो.

कॉर्नियाच्या सगळ्यांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. आतून झिरपणारं पाणी तो रात्रंदिवस बाहेर काढत राहतो, गळक्या होडीतलं पाणी नावाडी उपसत राहतो तसा. प्राणवायू कमी पडला की कॉर्नियाच्या पेशींत लॅक्टिक ॲसिड साचतं, ते पाणी ओढून घेतं आणि उपसा अपुरा पडतो. मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असणारा हा पडदा जाड होतो, त्याची रचना विस्कटते आणि प्रकाश विखुरतो. एंडोथेलियमच्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. उरलेल्या पेशी पसरून जागा भरतात, इतकंच. वीस वर्षांच्या मुलीच्या लेन्सकडे मी एवढ्या काळजीने का बघते, त्याचं कारण हे आहे. हाच डोळा तिला सत्तराव्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही पुरवायचा असतो.

पहिली तपासणी: घड्याळ

खर्च काहीच नाही. दोन-तीन दिवस धूसर होण्याची वेळ लिहून ठेवा आणि दोन्ही डोळे एकेक झाकून वेगवेगळे बघा. समोर भिंतीवरचं कॅलेंडर पुरे.

लेन्स काढून चष्मा लावल्याबरोबर स्वच्छ दिसलं, तर दोष लेन्समध्ये: मळ, कोरडेपणा, उलटी घातलेली किंवा डावी-उजवी अदलाबदल झालेली लेन्स. हा स्वस्तात सुटणारा प्रकार आहे. लेन्स बोटाच्या टोकावर धरून बाजूने बघा. कड वाटीसारखी सरळ वर जायला हवी. बाहेर फाकलेली दिसली तर ती उलटी आहे.

चष्म्यातूनही अंधुक दिसलं आणि हळूहळू उतरलं, तर कॉर्निया सुजलाय असं धरून पुढे चला.

तिसरा प्रकार वेगळा ओळखायला हवा. लेन्स न घालता झोपलात, तरी सकाळी धूसर आणि दुपारपर्यंत स्वच्छ. चाळिशी-पन्नाशीनंतर, त्यातही बायकांमध्ये, असं दिसलं तर एंडोथेलियमचाच आजार, फुक्स डिस्ट्रॉफी, असू शकतो. त्यात लेन्स बदलून काही साधत नाही. थेट शेवटच्या तपासणीकडे जा.

दुसरी: तास मोजा, आणि खरे मोजा

"किती तास घालता?" या प्रश्नाला मला "आठ-दहा" असं उत्तर मिळतं. मग सकाळी कॉलेजला निघाल्यापासूनचा दिवस उलगडायला लावला की चौदा, सोळा निघतात. नवरात्रात हे हमखास होतं. सकाळी आठला घातलेली लेन्स, दिवसभर क्लास, संध्याकाळी चणियाचोळी, मध्यरात्रीपर्यंत गरबा, मग मैत्रिणींबरोबर नाश्ता, आणि दोन वाजता इतकी दमणूक की लेन्ससकट झोप. असं ओळीने नऊ रात्री. मैदानावरच्या धुळीचा त्रास आहेच, पण सूज येते ती तासांमुळे.

मकरपुऱ्याकडे रात्रपाळी करणाऱ्यांचं दुखणं निराळं. रात्रभर लेन्स, सकाळी घरी येऊन "जरा पडतो", आणि डोळे मिटतात ते दुपारीच उघडतात. मुंबईच्या पहाटेच्या गाडीत लागलेली डुलकीसुद्धा झोपच असते. मिटल्या पापणीखाली आधीच कमी असलेला प्राणवायू लेन्स आणखी अडवते. झोपेत लेन्स घातल्याने डोळ्याच्या गंभीर संसर्गाचा धोका सहा ते आठ पट वाढतो असं मानतात, तो सुजेच्या जोडीने येतो.

उपाय साधा आहे. दिवसा चष्मा, संध्याकाळी सातला ताजी लेन्स, मैदानावरून परतल्यावर पायांवरची धूळ धुण्याआधी हात धुवून लेन्स बाहेर. आयांनो, मुलगी कितीही दमलेली असली तरी त्या दिवसांत तिला दारातच विचारा, "लेन्स काढलीस का?" गरब्यापुरत्या रोज फेकायच्या डेली लेन्स घेतल्या तर रात्री दोनला धुण्याचीही कटकट राहत नाही.

तिसरी: खोका वाचा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण दोष बहुतेकदा इथेच सापडतो आणि खोका कोणीच वाचत नाही.

आधी तारीख. महिन्याची लेन्स पाकीट उघडल्यापासून एक महिना चालते. "मी पंधराच दिवस घातली, म्हणजे अजून पंधरा उरले" हा हिशेब चालत नाही. लेन्सवर साचलेला थर प्रत्यक्ष घातलेल्या दिवसांचा हिशेब ठेवत नाही.

मग साहित्य. मऊ हायड्रोजेल लेन्स १९६१ मध्ये प्राग शहरात ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने तयार केली. त्याआधीच्या टणक प्लॅस्टिकच्या लेन्समधून प्राणवायू जवळपास जातच नसे, त्या मानाने ही मोठी झेप होती. पण हायड्रोजेलमधून प्राणवायू जातो तो तिच्यातल्या पाण्यातून, आणि पाण्याची ती ताकद मर्यादित. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स बाजारात आल्या. त्यांत प्राणवायू सिलिकॉनमधून जातो, म्हणून तो कितीतरी पट जास्त पोचतो. तेव्हा "जास्त पाण्याची लेन्स म्हणजे चांगली" हा समज सुजेच्या बाबतीत उपयोगाचा नाही. लेन्स सिलिकॉन हायड्रोजेलची आहे का, एवढं विचारा.

प्राणवायू किती जातो त्याचं माप म्हणजे डीके/टी. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं, की दिवसा घालायच्या लेन्सने सूज येऊ नये म्हणून हा आकडा किमान २४ हवा, आणि रात्रीची सूज विनालेन्स डोळ्याइतकीच राहायला ८७ हवा. पुढे १९९९ मध्ये हार्विट आणि बोनानो यांनी हे आकडे आणखी वर नेले: दिवसा ३५, रात्री १२५. पण कंपनी छापते तो आकडा सहसा मायनस ३ नंबरच्या लेन्सचा, तोही मध्यभागाचा. तुमचा नंबर मायनस ८ असेल तर लेन्सची कड बरीच जाड असते आणि तिथून प्राणवायू कमी जातो. मोठ्या मायनस नंबरवाल्यांच्या बुब्बुळाच्या कडेने लाल केशवाहिन्या आत सरकू लागतात, त्याचं हे एक कारण. कॉर्नियात वाहिनी शिरणं म्हणजे डोळ्याने प्राणवायूसाठी केलेली धडपड असते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

आणि रंगीत लेन्स. लग्नाच्या मोसमात ब्युटी पार्लरमधून किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातून, डोळा न तपासता, "सगळ्यांना बसते" म्हणून दिलेली. यांतल्या पुष्कळशा साध्या हायड्रोजेलच्या असतात, वर रंगाचा थर. नवरीने सकाळी ग्रहमखाच्या आधी घातलेली लेन्स रात्री रिसेप्शन संपेपर्यंत डोळ्यात असते. दोन बहिणींनी आलटून पालटून एकच जोडी वापरल्याचंही मी पाहिलंय. असं कृपा करून करू नका. एकीच्या डोळ्यातले जंतू दुसरीच्या डोळ्यात जातात.

चौथी: द्रावण, डबी, पाणी

यांच्यामुळे होणारी जळजळ आणि धूसरपणा सुजेसारखाच वाटतो, म्हणून इथेच तपासून घ्या. जुन्या द्रावणात नवं ओतू नका; रोज सगळं फेकून ताजं घ्या. द्रावणावर 'चोळायची गरज नाही' असं लिहिलेलं असलं तरी लेन्स तळहातावर बोटाने चोळा. डबी दर तीन महिन्यांनी बदला. हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण असेल तर ते त्याच्या खास डबीतच, सांगितलेले सहा तास पूर्ण ठेवा. नाहीतर डोळा भाजून निघतो.

नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही. ते आजवा तलावाचं असो, मही नदीचं असो की घरच्या आरओचं. अकँथअमीबा नावाचा जीव पाण्यात राहतो आणि त्याचा संसर्ग बरा व्हायला महिनोन्महिने लागतात.

पाचवी: लेन्स बंद

ही खरी कसोटी, आणि लोक टाळतात तीही हीच, कारण घरात धड चष्मा नसतो. रोज लेन्स घालणाऱ्या प्रत्येकाकडे चालू नंबरचा चष्मा हवाच, हे मी आग्रहाने सांगते. तो नसला की माणूस दुखऱ्या डोळ्यातही लेन्स ढकलतो.

मऊ लेन्स किमान एक आठवडा पूर्ण बंद ठेवा; टणक लेन्सला जास्त काळ लागतो. अंधुकपणा दिवसागणिक कमी होत गेला तर निदान जवळजवळ झालंच. नंबर त्यानंतर काढायचा, आणि थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा काढून दोन्ही जुळतात का बघायचं. प्राणवायूच्या कमतरतेने मायनस नंबर थोडा वाढलेला दिसतो आणि चांगली लेन्स दिल्यावर तो परत उतरतोही. मुलांच्या बाबतीत यावर जास्त लक्ष द्या; नाहीतर दर सहा महिन्यांनी नंबर चढवत नेला जातो.

या आठवड्यात मनाने कोणतेही थेंब घालू नका. ५ टक्के मिठाचे थेंब वरच्या थरातलं पाणी ओढतात, पण प्राणवायू देत नाहीत. लेन्स चालू ठेवून वर ते थेंब घालण्यात काहीच अर्थ नाही, आणि ते द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं.

आठवड्याने फरक नसेल तर घरचे उपाय इथे थांबवा.

सहावी: स्लिट लॅम्प

पुढचं काम तपासणाऱ्याचं, पण काय होतं ते ठाऊक असू द्या. स्लिट लॅम्प म्हणजे डोळा मोठा करून बघायचं दिव्याचं यंत्र. त्याच्या उभ्या प्रकाशरेषेत ५-६ टक्के सुजेला बारीक पांढरट उभ्या रेघा दिसतात, ८ टक्क्यांच्या पुढे आतल्या बाजूला घड्या पडतात. लेन्स डोळ्यात असताना पापणी मिटल्यावर ती किंचित सरकते का, हेही बघतात. घट्ट बसलेली लेन्स अश्रू आत-बाहेर होऊ देत नाही. तशी असेल तर वक्रता किंवा व्यास बदलायला लागतो. मग लेन्स काढून फ्लुरेसिनचा पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात ओरखडे शोधतात. हे न करता कोणी थेट नंबर काढून लेन्स हातात दिली, तर "स्लिट लॅम्पवर बघाल का?" असं विचारा. विचारण्यात संकोच करू नका.

केराटोकोनससाठी स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी, खाली सलाइन भरून घालायची मोठी लेन्स) घालणाऱ्यांना एक खूण सांगते. दुपारी धूसर झालं तर लेन्स काढा, नवं सलाइन भरून परत घाला. लगेच स्वच्छ दिसलं तर लेन्सखालच्या पाण्यात गढूळपणा साचला होता. तरीही धूसर आणि दिव्यांभोवती रंगीत कडी असतील, तर कॉर्निया सुजलाय; लेन्स बसवणाऱ्याला त्याच आठवड्यात गाठा.

सातवी: जाडी आणि पेशींची मोजणी

हे कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे. पॅकिमेट्रीने जाडी मोजतात, स्पेक्युलर मायक्रोस्कोपीने एंडोथेलियमच्या पेशी. तरुण माणसाच्या दर चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २५०० ते ३००० पेशी असतात. वर्षानुवर्षं कमी प्राणवायूच्या लेन्स घातलेल्यांत त्यांचे आकार लहान-मोठे झालेले दिसतात. एका सकाळच्या जाडीवरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण काहींचा कॉर्निया मुळातच जाड असतो. म्हणून मापाची वेळ लिहून घ्या आणि आधीचे रिपोर्ट जपून ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल आणि सकाळी धूसर दिसत असेल, तर ही मोजणी ऑपरेशनच्या आधी झालीच पाहिजे.

लेन्स पुन्हा कधी

दुखणं नाही, लाली नाही, रेघा गेलेल्या, आणि नंबर दोनदा सारखा आला, की मगच. जुनी जोडी आणि डबी फेका. सिलिकॉन हायड्रोजेलची नवी लेन्स पहिल्या दिवशी चार तास, मग रोज तास-दोन तास वाढवत आठ-दहापर्यंत, त्यापुढे नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण चष्म्याचे. महिन्याने तपासणीला या, पण संध्याकाळी, लेन्स सात-आठ तास घालून झाल्यावर. सकाळी ताजी लेन्स घालून आलात तर सूज असूनही मला ती दिसणार नाही.